तयार पॅकेज आणि आमचे हे

चहा टाका म्हटलं तर आधी म्हैस बघायला निघेल, अशा माणसाशी माझं लग्न झालंय. तक्रार करतेय का? हो, करतेय. इतकी वर्षं सगळं निमूट सोसलं असं उद्या कुणी म्हणू नये, म्हणून लिहूनच ठेवते.

आमच्या ह्यांचं कुंभार पिंपळगावच्या बाजारात मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हात चांगला आहे, ते मी कुणापुढंही कबूल करीन. आसपासच्या शाळांचे बंद पडलेले कॉम्प्युटर ह्यांच्याकडं येतात आणि दुसऱ्या दिवशी चालू होऊन जातात. पण तो झाला लोकांचा मामला. घरचं काम निघालं की ह्यांच्या अंगात काय येतं देव जाणे. घरचं काम मुळापासून झालं पाहिजे, स्वतःच्या हातानं झालं पाहिजे, आणि मग ते कधी झालं पाहिजे ते कुणी विचारायचं नाही.

दोष एकट्या ह्यांचा नाही म्हणा. घरच तसं आहे. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामांनी आयुष्यभर विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग केलं. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार हातानं वेढे देत भरायची. कुणी म्हणालं, "जाऊ द्या ना, नवीच आणतो," की मामांच्या कपाळाला आठ्या. "नवी कोनीबी आणतं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला अक्कल लागती व्हय?" आत्यांचं तेच. पापड घरचे, शेवया घरच्या, तिखट घरचं. एकदा पाहुणे अचानक आले म्हणून मी तीर्थपुरीहून पाकिटातलं दही आणलं, तर ते पाकीट संध्याकाळपर्यंत ओट्यावर तसंच पडून होतं. कुणी त्याला हात लावला नाही, आणि मला कुणी काही बोललंही नाही. न बोलणं जास्त लागतं.

मी माहेरची केदारखेड्याची. आमच्याकडं भूक लागली की माणसं जेवतात, आधी जमीन नांगरत नाहीत.

तर मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मामा चालताना दाराच्या चौकटीला धडकायला लागले, तेव्हा त्यांना घेऊन आम्ही जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. काचबिंदू निघाला. एक डोळा कधीचाच गेला होता. दुसऱ्यानं नळीतून बघावं तेवढं दिसत होतं. डॉक्टर भले होते, आडपडदा न ठेवता बोलले. गेलेली नजर परत येणार नाही. राहिली आहे ती थेंब टाकून टिकवायचा प्रयत्न करू, पण किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. आणि मग म्हणाले, "बाबा, नजरेशिवाय करायचं म्हणून जे काही शिकायचं असेल ना, ते दिसतंय तोवर शिकून घ्या. नंतर फार जड जातं."

परतीच्या एसटीत मामा खिडकीशी बसले होते. अंबड गेल्यावर एकदम म्हणाले, "म्हंजे पेपर बंद झाला."

मामांचा पेपर म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. शाळा सातवीपर्यंतची, पण पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणार. मोसंबीचा भाव, पुढाऱ्यांची भांडणं, निविदा सूचना, कुणाच्या तेराव्याची जाहिरात, सगळं. आणि वाचणार म्हणजे स्वतः. ह्यांनी दोन-तीन दिवस वाचून दाखवून बघितलं. मामा म्हणाले, "तू खालच्या खालच्या बातम्या गाळून राह्यला." मी वाचायला घेतलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे सूनबाई. दुसऱ्यानं घास भरवल्यागत वाटतं." त्यानंतर पेपर यायचा आणि घडी न मोडता कोनाड्यात जायचा. मामा ओसरीवर बसून रस्त्याकडं तोंड करून असायचे. मला ते बघवत नव्हतं, खरंच बघवत नव्हतं.

मी तीर्थपुरीच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. म्हटलं, मामा, इंटरनेटवर पेपर येतो, तो कॉम्प्युटर वाचून दाखवतो. तसा प्रोग्रॅम असतो. कळ दाबली की पुढची बातमी, कळ दाबली की मागची. नको ती सोडून द्यायची, पाहिजे ती दहा वेळा ऐकायची.

"मला सोताला चालवता यील?"

"येईल की. आठ-दहा कळा शिकायच्या. पण आत्ता शिकायच्या, दिसतंय तोवर. डॉक्टर काय म्हणाले?"

मामांनी पाय खाली सोडले आणि म्हणाले, "मंग लाव जल्दी."

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. मी त्याच संध्याकाळी लावणार होते. पण हे दुकानातून आले, त्यांनी ऐकलं, आणि म्हणाले, "थांब. बापूसाठी मी करतो. मस्तपैकी मशीन बनवतो. तयार पॅकेज टाकू नको बिलकुल."

बापू म्हणजे आमचे मामाच. झालं! म्हैस बघायला निघाले.

ज्यांना ह्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं कॉम्प्युटरवर लिनक्स असतं, आणि त्यावर प्रोग्रॅम बसवायच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट तयार पॅकेजची. कुणीतरी शहाण्या माणसानं प्रोग्रॅम बांधून, तपासून, गाठोडं करून ठेवलेला असतो. आपण एक ओळ टाइप करायची, गाठोडं खाली उतरतं, उलगडतं आणि बसतं. त्याला आणखी काही लागत असेल तर तेही तेच घेऊन येतं. दुसरी वाट सोर्सची. सोर्स म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं लिहिलेला कच्चा मजकूर. तो आणायचा आणि आपल्या मशीनवर आपणच त्याचा प्रोग्रॅम बांधायचा. मशीन घरघरत तासन्‌तास चालतं आणि मध्येच थांबून सांगतं, मला अमुक एक पाहिजे, ते तुमच्याकडं नाही. ते आणून बांधायला घ्यावं, तर त्याला तमुक लागतं. पुरणपोळी खायची म्हणून हरभरा पेरायला घेण्यातला प्रकार.

ह्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं नाही. मशीन जुनं होतं, ह्यांनीच सुटे भाग जमवून उभं केलेलं. "तयार पॅकेज सगळ्या दुनियेसाठी असतं," हे म्हणाले. "त्याच्यात बापूला नको ते सतरा प्रकार. जुन्या मशीनवर अडखळतं ते. सोर्सवरून बांधलं की ह्याच मशीनच्या मापाचं होतं. कळ दाबली की आवाज. बापू कळ दाबून वाट बघत बसणार का?"

"आधी तयार टाका," मी म्हटलं. "मामा शिकायला लागतील. तुमचं सावकाश बांधा आणि मागनं बदला."

"दोनदा शिकवायचं काय त्यांना? आठ दिवसाचं तर काम हाय."

आठ दिवस! मी आजही तो शब्द ऐकला की माझं डोकं भणभणतं. ह्यांचे आठ दिवस म्हणजे न्हाव्याचं "बसा, झालंच" असतं.

कापूस वेचून संपला, तुरी काढून झाल्या, आमच्या घरात कॉम्प्युटर घरघरत होता. ह्यांनी तो माजघरात कोपऱ्यातल्या टेबलावर मांडला होता. सकाळी दुकानात जाताना काहीतरी चालू करून जायचे, दुपारी जेवायला आले की आधी हातपाय धुवायचं सोडून त्याच्यापुढं. पडद्यावर ओळी धावत असायच्या. धावता धावता थांबायच्या. आणि हे कपाळाला हात लावायचे. आज काय तर आवाजाचा प्रोग्रॅम बांधून झाला, पण तो मशीनच्या स्पीकरशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती मागतोय. ती बांधली तर जुनी मोडली, आणि जुनीवर चालणारं सगळंच मुकं झालं. मग पहिल्यापासून. मध्येच लाइट जायची. बॅटरी लावली होती, पण आमच्याकडची लाइट एकदा गेली की बॅटरीच्या हिशोबानं थोडीच येते? सहा तासांचं काम पाण्यात जायचं आणि हे लाइटवाल्यांना शिव्या देत पुन्हा पहिली ओळ टाइप करायचे.

"अहो, तयार पॅकेज," मी म्हणायचे.

"तू मधी बोलू नको," हे म्हणायचे. "होऊन राह्यलंय."

मला सगळ्यात जास्त राग कुणाचा यायचा सांगू? मामांचा. ज्यांच्यासाठी एवढं चाललंय त्यांनी तरी पोराचा कान धरावा! ते काय करायचे, तर खुर्ची ओढून कॉम्प्युटरशेजारी बसायचे. पंख्याचा आवाज ऐकायचे. "चांगला लोड घेऊन राह्यलं," म्हणायचे, मोटारीला म्हणावं तसं. "करू दे त्याला बराबर. कच्चं काम नको." पोरगा आपल्यावर गेला ह्याचा कोण आनंद! आणि इकडं जेवताना हात ताटाबाहेर जायचा. पाण्याचा तांब्या समोर असून शोधावा लागायचा. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते आत्यांना विचारायला लागले होते, आधी कधी विचारायचे नाहीत. बापलेकांना मशीनचा लोड कळत होता. हातातले दिवस निघून जात होते, ते फक्त मला दिसत होते काय?

संक्रांतीच्या आसपास आमच्याकडं हाडं गोठवणारी थंडी पडली. त्या दिवशी रविवार होता. ह्यांनी सगळ्यात मोठा तुकडा बांधायला घेतला होता, आणि तो दुपारपर्यंत झाला असता तर काम खरोखरच संपलं असतं. हे स्वतः म्हणाले, "आज शंभर टक्के." मग गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून दुकानाकडं गेले. मी कपडे धुवत होते. दुपारी हे परत आले आणि माजघरातून जी हाक आली ती शेजाऱ्यांच्या गोठ्यापर्यंत गेली असेल.

कॉम्प्युटर बंद पडला होता. आणि त्याच्या डब्यावर, जिथून पंख्याची गरम हवा वर निघते बरोबर तिथं, आत्यांचं दह्याचं पातेलं ठेवलं होतं. थंडीनं चार दिवस विरजण लागत नव्हतं. आत्यांनी सकाळी डब्याला हात लावून बघितला, चांगला ऊबदार लागला. पातेलं ठेवलं. वर झाकण. आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून पातेल्यासकट सगळ्या डब्याला जुनी वाकळ गुंडाळली, अगदी तान्ह्या लेकराला गुंडाळावी तशी. आतली हवा आत कोंडली, मशीन तापत तापत गेलं आणि स्वतःला वाचवायला म्हणून बंद झालं.

"आई! हे काय करून ठेवलं?"

"काय केलं? ते रिकामंच तर तापून राह्यल्तं," आत्या म्हणाल्या. मग झाकण काढून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघ, बघ कसं लागलंय! सुरीनं कापावं असं!"

हे खाली बसले. मला हसू आवरेना आणि रडूही येत होतं. मामा ओसरीवरून विचारत होते, "काय झालं रे? वाइंडिंग जळालं का?" वाइंडिंग जळालं नव्हतं, पण बांधकाम अर्धवट तुटून अशी काही गुंतागुंत झाली होती की हे म्हणाले, आता सगळं पुसून पहिल्यापासून. दही मात्र खरंच उत्तम लागलं होतं. जेवताना सगळ्यांनी दोनदा घेतलं, ह्यांनीसुद्धा, तोंड फुगवून.

मी त्या दिवशी ठरवलं, गेलं खड्ड्यात ह्यांचं बांधकाम.

दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत माझ्या लॅपटॉपवर मी ते तयार पॅकेज टाकलं. एक ओळ. शेजारच्या बाईंनी डबा उघडून लोणच्याची फोड माझ्याकडं सरकवली, तेवढ्यात झालंसुद्धा. कळ दाबली तर लॅपटॉप मराठी बोलायला लागला. मला इतका संताप आला की मी ती फोड तशीच धरून बसले. दोन मिनिटं! दोन मिनिटांच्या कामासाठी ह्या माणसानं त्या म्हाताऱ्याचे दोन महिने घालवले!

शाळा दुपारी सुटते, आणि जेवून गेलेले हे दुकानातून दिवेलागणीलाच येतात. मी घरी आले, मामांपुढं लॅपटॉप ठेवला. मामांनी हात मागं घेतला.

"त्यो करून राह्यलाय ना," म्हणाले. "त्याचं होऊ दे. त्याला काय वाटंल?"

मग माझा तोल गेला. सासऱ्यांपुढं मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "मामा, त्यांना काय वाटेल ते त्यांचं बघून घेतील. डोळे थांबणार आहेत का त्यांच्यासाठी? तुम्ही गिऱ्हाइकाचं उभं पीक वाळताना बघितलं असतं तर वाइंडिंग होईपर्यंत त्याला दुसऱ्याची मोटार लावून दिली असती की नसती?"

आत्या चुलीपाशी उठून उभ्या राहिल्या होत्या, आता काय होतंय म्हणून.

"दिली असती," मामा म्हणाले. "दिल्याबी हायेत." मग खुर्ची पुढं ओढली. "पर त्याला सांगायचं न्हाई. शपथ घे."

मी घेतली. आत्यांनीही घेतली, त्यांना कुणी विचारलं नव्हतं तरी.

पहिल्या दिवशी मामा इतके वाकले होते की नाक कळांना लागत होतं. मी एकेक कळ दाखवायची, ते डोळा बारीक करून तिच्यावर नेम धरायचे. वर, खाली, मागं, पुढं. थांबव. पुन्हा वाच. हळू बोल. प्रोग्रॅममधली बाई एका सुरात बोलायची, लग्नाची बातमी आणि अपघाताची बातमी एकाच आवाजात. "हिला कोनी जेवायला घालत न्हाई काय?" मामा म्हणाले. दोन-चार दिवसांत त्यांची तिच्याशी गट्टी जमली. ती बोलायची, मामा मध्येच थांबवून "काय म्हन्ली? परत बोल," म्हणत कळ दाबायचे आणि ती परत बोलायची. आत्या म्हणाल्या, "माझं एवढं कधी ऐकलं न्हाई."

एका दुपारी मी आत भाकरी थापत होते. ओसरीवरून त्या बाईचा आवाज येत होता. मोसंबीचा भाव झाला, कुठल्या तरी रस्त्याची निविदा झाली, मग मामांचा मोठ्यानं हसण्याचा आवाज. मी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले. मामा कुणा पुढाऱ्याच्या भाषणाची बातमी तिसऱ्यांदा वाचत होते आणि हसत होते. ताठ बसले होते, हात कळांवर, तोंड वर. मला म्हणाले, "सूनबाई, ह्या येड्यानं काय म्हनलं ऐक." आणि मला त्यांनी बातमी वाचून दाखवली. म्हणजे कळ दाबून ऐकवली, पण थाट असा की ते वाचून राह्यलेत आणि मी ऐकायची. मला भरून आलं. मी पदरानं तोंड पुसलं आणि तोंडाला सगळं पीठ लागलं.

दिवेलागणीला ह्यांची गाडी वाजली की आत्या "आला, आला" करायच्या आणि लॅपटॉप गव्हाच्या कोठीमागं जायचा. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं आणि मी, शाळकरी पोरांसारखी चोरी करत होतो. हे यायचे, कॉम्प्युटरपुढं बसायचे, ओळी धावायच्या. मामा शेजारी खुर्ची टाकून विचारायचे, "आज कुठवर आलं?" हे सांगायचे. मामा माना डोलवायचे. मला कधी कधी वाटायचं की ह्या माणसाला एकदा गदागदा हलवावं आणि सांगावं, अहो, तुमचा बाप पेपर वाचतो! पण शपथ घेतली होती.

होळी तोंडावर आली आणि एका रविवारी सकाळी हे माजघरातून ओरडले, "झालं!"

खरंच झालं होतं. शेवटचा तुकडा बांधून झाला, काही मोडलं नाही, लाइट गेली नाही, दह्याची भांडी लांब होती. ह्यांच्या चेहऱ्यावर मी लग्नातसुद्धा एवढा आनंद बघितला नव्हता. आम्हाला सगळ्यांना बोलावलं. मामांना हाताला धरून टेबलापुढच्या खुर्चीत बसवलं. मी शेजारच्या स्टुलावर बसले. आत्या जमिनीवर.

"बापू, अक्षरं बी मोठी केलीत," हे सांगत होते. "काळ्या पडद्यावर पिवळी, बोटभर एकेक. ऐकायचं बी आणि बघायचं बी. जोवर नजर हाय तोवर दोन्ही." म्हणून मशीन एकदा बंद करून पुन्हा सुरू केलं, सगळं आपोआप लागतंय का ते बघायला.

मशीन सुरू झालं आणि बोललं. काय बोललं! माझ्या लॅपटॉपवरची बाई कळ दाबल्यावर घटकाभर थांबायची, ही थांबतच नव्हती. मामांनी खालची कळ दाबली, लगेच बातमी. वरची दाबली, लगेच मागची. ह्यांनी शिकवायच्या आधीच मामांची बोटं चालायला लागली, मग त्यांच्या लक्षात आलं असावं, मुद्दाम एक चुकीची कळ दाबली आणि विचारलं, "हिनं काय होतं रे?" ह्यांनी उत्साहानं सांगितलं. मी आणि आत्यांनी एकमेकींकडं बघितलं नाही, नाहीतर फुटलोच असतो.

एकच झालं होतं. मशीन बोलत होतं, पण पडदा काळाच राहिला होता. मागची वायर सैल झाली असणार. "थांबा, थांबा," म्हणत हे टेबलाखाली शिरले. मी टॉर्च आणायला म्हणून उठले आणि दारापर्यंत गेले.

टेबलाखालून ह्यांचा आवाज आला, "बापू, आली का अक्षरं?"

"आली, आली," मामा म्हणाले.

मी दारात थांबले. पडदा काळा होता. त्यावर काही नव्हतं, एक ठिपकासुद्धा नव्हता. मामा त्याच्याकडं तोंड करून ताठ बसले होते, आणि त्यांची बोटं कळांवर बिनचूक होती.

"पिवळी दिसून राह्यलीत ना? वाचता येऊन राह्यलीत?"

"ठळक दिसून राह्यलीत की. चांगली मोठी केली तू."

आत्या तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. मला वाटत होतं मामा शिकले म्हणून ताठ बसायला लागले. वाकून बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

खट्‌ करून वायर बसली आणि पडदा पिवळ्या अक्षरांनी भरला. हे टेबलाखालून निघाले, केसांना जाळी, गुडघ्यांना धूळ. पडद्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं आणि माझ्यावर डाफरले, पण हसत. "बघ! चार महिने डोकं खाऊन राह्यल्ती माझं. डोळे जातील, डोळे जातील! झालं का न्हाई टायमावर?"

माझ्या जिभेवर सगळं होतं. तयार पॅकेज, दोन मिनिटं, सगळं. मला ह्यांचा राग आला होता, आणि मी दाराची चौकट धरून ह्यांच्या हसऱ्या तोंडाकडं बघत होते.

मामांनी मान वळवली, मी मघाशी बसले होते त्या रिकाम्या स्टुलाकडं. त्याच्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "सूनबाई, सांग ना त्याला. बिलकुल टायमावर झालं म्हणून."

"झालं," मी दारातून म्हणाले. "टायमावर झालं."